शंभर पावलांनंतर नमस्कार

सबनीसकाकांना नमस्कार केला की ते उत्तर द्यायचे, पण लगेच नाही. आधी उजव्या हाताचं एक बोट वर करायचे, आहे त्याच चालीनं पुढे जायचे, आणि तीसचाळीस पावलं गेल्यावर थांबून, मागे वळून, हात जोडून म्हणायचे, "हं. नमस्कार." तोवर समोरचा माणूस आपल्या वाटेनं गेलेला असायचा. निम्म्या सोसायटीचं मत होतं की म्हातारा शिष्ट आहे. उरलेल्या निम्म्यांचं मत होतं की त्याला कमी ऐकू येतं.

मी मयूर विहारच्या त्या सोसायटीत राहायला आले ती जानेवारीत. दिल्लीचं जानेवारीतलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. समोरची बिल्डिंग आहे की नाही हे आदल्या दिवशीच्या आठवणीवर ठरवायचं. दूध आणायला खाली उतरले तर मफलर गुंडाळलेले एक उंच गृहस्थ धुक्यातून येताना दिसले. मी म्हटलं, "नमस्कार, मी रूथ भोसले, तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेय." त्यांनी बोट वर केलं आणि पुढे निघून गेले.

मी नगरची. आमच्याकडे नमस्काराला उत्तर न देणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी होते. मला रागच आला. म्हटलं, बघू तरी कुठे जातो, आणि दुधाची पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. धुक्यात नुसते बूट वाजत होते. मग ते थांबले, आणि काका परत आले.

"नमस्कार, भोसलेबाई. माफ करा हं. तुम्ही सत्तावन्नला अडवलंत. मध्ये बोललं की शंभर पुसलं जातं."

त्यांनी मूठ उघडून दाखवली. तळहातावर एक चिंचोका होता. शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा, अशी त्यांची रीत होती. सोसायटीभोवतीची एक फेरी चारशे बारा पावलांची. "गेल्या वर्षी चारशे तीनच होती," ते म्हणाले. "सोसायटी वाढलेली नाही. पाऊल आखूड झालंय." हे त्यांनी अशा शांतपणे सांगितलं, जसं कुणी दुधाचा भाव सांगावा.

काकांची सगळी नोकरी जुन्या नकाशांच्या एका सरकारी दफ्तरात गेली. गेल्या शतकातल्या, त्याच्याही आधीच्या मोजणीच्या वह्या, फाटके नकाशे, वाळवीनं खाल्लेली पत्रं, या सगळ्यांची यादी करायची, प्रत्येकापुढे दोन ओळींचा शेरा लिहायचा आणि खाली सही ठोकायची. हे काम त्यांनी तीसपस्तीस वर्षं केलं आणि रिटायर झाल्यावरही सोडलं नाही. त्यांना "जवळच आहे" असं म्हणून चालायचं नाही. मेट्रो स्टेशन किती लांब, विचारलं की आकडा यायचा, आणि वर, "साडी नेसून चाललात तर शंभरेक जास्त धरा."

सुधाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सवयीला पन्नास वर्षं पुरून उरल्या होत्या. "रूथ, तुला सांगते," त्या म्हणायच्या, "सप्तपदीत यांची आठ पावलं पडली. भटजी म्हणाले, अहो सातच. तर म्हणतात, मांडव चढावर आहे, सातात नाही बसत. माझे वडील तिथेच म्हणाले होते, पोरी, अजून विचार कर."

"चढच होता," आतून काकांचा आवाज यायचा.

त्यांच्या बैठकीत एका जुन्या नकाशाची मोठी प्रत टांगलेली होती. खाली नद्या, गावं, घाट, सगळं बारीक अक्षरात. आणि वर, डोंगरांच्या पलीकडे, हातभर जागा कोरी. येणारा प्रत्येक जण विचारायचा की इथे छपाई उडालीय का. काका खूश व्हायचे. "उडाली नाही. तिथं कुणी गेलेलं नव्हतं, म्हणून काढलं नाही. पांढरं म्हणजे रिकामं नव्हे. पांढरं म्हणजे नकाशा काढणारा खोटं बोलला नाही." त्या कोऱ्या जागेकडे ते चहा पिता पिता बराच वेळ बघत बसायचे. मीही बसायची. हिवाळ्याच्या दुपारी खिडकीतून ऊन त्या पांढऱ्यावर यायचं, आणि थोड्या वेळानं मला तिथं बर्फ दिसायला लागायचा, बर्फात एक वाटही.

"पांढरं" हा त्यांचा शब्दच होता. भाजी कशी झालीय असं काकूंनी विचारलं आणि यांनी अजून चाखली नसली तर उत्तर यायचं, "पांढरं." एकदा सोसायटीत गच्चीवरचे पितळी नळ चोरीला गेले. मीटिंगमध्ये सेक्रेटरीनं इतिवृत्तात लिहून टाकलं की वॉचमन रामसेवकवर संशय आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली, खोटं कशाला बोलू. काका एकटे उभे राहिले. हिंदीत बोलायला लागले की ते फार अदबीनं बोलत. त्यांनी सेक्रेटरीला ती ओळ खोडायला लावली. तीही गिरगटून नाही, एक सरळ रेघ मारून, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. दफ्तरातली पद्धत तीच. चूक लपवायची नाही, चुकीवरून रेघ मारायची. "आता लिहा, कोणी नेले माहीत नाही."

जिन्यात मी म्हटलं, "काका, एवढं काय त्यात? त्याला कुणी पोलिसात थोडंच दिलं होतं."

"भोसलेबाई, संशय हा शब्द एकदा कागदावर गेला की तो माणसाचं आडनाव होतो." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा काही झाला की मी पुढे थट्टा केली नाही. नळ कुणी नेले ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचा एक शेजारी दीडशे वर्षांपूर्वी वारलेला होता. त्याचं नाव कॅप्टन आर्डेन. काका त्याच्याबद्दल असं बोलत, जणू तो बी विंगमध्ये राहतो आणि गावाला गेलाय. "आजच्या धुक्यात आर्डेनसाहेबांनी वाट काढली असती." किंवा, "आर्डेनसाहेबांचं अक्षर वाईट, पण आकडा कधी चुकायचा नाही." हा साहेब नकाशातली ती कोरी जागा भरायला निघाला होता. शेवटच्या खिंडीत त्याच्याबरोबर एकच माणूस उरला, सटवाजी नावाचा खलाशी. मोजणी खात्यात साखळी आणि सामान वाहणाऱ्या माणसाला खलाशी म्हणत. बोटीशी त्याचा काही संबंध नाही. हा सटवाजी आपल्याकडचा, घाटमाथ्यावरचा. काही आठवड्यांनी सटवाजी एकटाच खाली आला. हातात साहेबाची वही. साहेबाचं काय झालं, हे कुणाला कधी कळलं नाही. वरिष्ठांनी वहीवर लिहिलं, साहेब मृत, खलाशावर संशय. सटवाजीची नोकरी गेली, आणि तिथून पुढे तो कुठल्याच कागदावर नाही.

या गोष्टीवर सिनेमा निघणार, हे सांगायला ईशा आली. ती गुरुग्रामची, पंचविशीतली, सिनेमावाल्यांसाठी जुनी कागदपत्रं शोधण्याचं काम करणारी. जुन्या यादीत आर्डेनसाहेबांच्या वहीपुढच्या शेऱ्याखाली तिला सबनीस अशी सही दिसली, आणि विचारत विचारत ती मयूर विहारला पोचली. घरात मराठी बोलणारी, पण दिल्लीत वाढलेली.

"काका, यार, तुम्ही खरंच ती डायरी हातात धरली होती? ओरिजिनल?"

"वही म्हण. डायरीत नवराबायकोच्या तक्रारी असतात." काकांनी तिला चिंचोके दाखवले. सटवाजीही असेच मोजायचा, साहेबानंच शिकवलं होतं, ते म्हणाले.

"चिंचोके म्हणजे?"

"इमली के बीज."

"ओह, अच्छा." तिनं एक चिंचोका उचलून उजेडात धरला. "सो प्रिटी."

काका सिनेमाचे सल्लागार झाले. त्या दिवसांत त्यांना बघायला मला फार आवडायचं. दर दोन दिवसांनी ईशाचा फोन. तंबू कसा असायचा, दुर्बीण कुठल्या खांद्यावर, खलाशाच्या डोक्याला काय. एकदा ती कपडेपटासाठी सरोजिनी नगरच्या बाजारात जुने लोकरी कोट बघायला निघाली आणि काका म्हणाले, आम्हीही येतो. तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची तेवीस वर्षं गेली होती. कोट बघून झाले आणि काका अचानक बाजाराच्या कोपऱ्यावर उभे राहिले, डावा खिसा चाचपला आणि चालायला लागले. ईशा आणि मी मागे. वाटेत फेरीवाले, रिक्षा, पिशव्या घेतलेल्या बायका. काकांचं बोट वर. पुढे जुनी क्वार्टर्स पाडून पत्रे ठोकलेले होते. पत्र्यांमध्ये एक फट होती, तिथून ते आत शिरले. मोकळं मैदान, मातीचे ढीग, लांबवर क्रेन. काका चालत राहिले आणि एका जागी थांबले.

"हा आमचा ओटा," ते म्हणाले. "सुधा इथं उभी राहून पोळ्या करायची. मी इथं बसून शेरे तपासायचो." दोन पावलं डावीकडे सरकून म्हणाले, "आता माझ्या पाठीला भिंत आहे." आणि खरंच, ते असे उभे होते की पाठीला भिंत असावी. पिवळं ऊन होतं, आणि तेवढ्या वेळात बाजाराचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मग एका चौकीदारानं शिट्टी मारली आणि आम्ही बाहेर आलो.

पटकथा आली आणि सगळं बिघडलं.

ईशानं ती छापून पाठवली होती. मी संध्याकाळी गेले तेव्हा काका नकाशाखाली बसले होते, मांडीवर कागद, चहा तसाच. काकूंनी मला खुणेनं बसायला सांगितलं. सिनेमात सटवाजी साहेबाचा खून करतो. साहेबाच्या कमरेला सोन्याची नाणी असतात, खिंडीत वादळ होतं, आणि सटवाजी दगड उचलतो.

"सिनेमा आहे, काका," मी म्हटलं. "त्यांना मसाला लागतोच. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला काय फरक पडतो?"

"मला पडतो. हे माझ्यामुळे झालंय." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते काकूंशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी आर्डेनसाहेबांची वही त्यांच्या टेबलावर आली होती. साहेबाचा मजकूर संपल्यावर शेवटच्या काही पानांवर दुसऱ्याच हातानं काढलेले मराठी आकडे होते. नुसते आकडे, एकाखाली एक. मोजणीच्या वहीत पावलांचा आकडा आला की शेजारी दिशा यावीच लागते. दिशा नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. या आकड्यांशेजारी दिशा नव्हती. तरुण सबनीसांनी सवयीप्रमाणे बेरीज केली, बेरजेतून काही निघेना, आणि शेरा लिहिला, शेवटची पानं किरकोळ आकडेमोड, उपयोग नाही. खाली सही. पुढच्या वर्षी वह्या बांधायला गेल्या. ज्या पानांपुढे उपयोग नाही असा शेरा होता, ती बांधणाऱ्यानं काढून टाकली. पद्धतच तशी होती. चूक बांधणाऱ्याची नव्हती.

"मग पुढे?"

"पुढे हे रिटायर झाले आणि आम्ही वैष्णोदेवीला गेलो," काकू म्हणाल्या. "जाताना मोजत होते, येताना मोजत होते. येताना अर्ध्या वाटेत पायरीवर मटकन बसले. मला वाटलं, छातीत दुखतंय. पाणी पुढे केलं तर म्हणतात, सुधा, ती आकडेमोड नव्हती."

चढताना पाऊल आखूड पडतं, म्हणून आकडा मोठा येतो. उतरताना लांब पडतं, आकडा लहान. वाट तीच. सटवाजीच्या पानांवरचे आकडे काकांना अजून पाठ होते, आणि त्या जोड्या होत्या. लहान, मोठा. लहान, मोठा. तीन हजार आठशे, चार हजार सातशे. तो वरून खाली उतरत होता आणि परत वर चढत होता. त्याला होकायंत्र वापरता येत नव्हतं, साहेबानं शिकवलं होतं ते फक्त मोजणं. तेवढं तो लिहीत राहिला.

"खाली मेंढपाळांचा तळ होता," काका म्हणाले. "साहेब वर कुठेतरी पडलेला असणार. पाय मोडला असेल, ताप असेल, ते पांढरं. हा खाली जायचा, काहीतरी घेऊन वर यायचा. चार वेळा गेला आणि चार वेळा आला. आणि पाचव्या वेळी एकच आकडा आहे. लहान. उतरणीचा." त्यांनी चष्मा काढला. "त्याच्यापुढे मोठा आकडा नाही. परत चढायचं कारण उरलं नव्हतं."

मला रडूच आलं, सरळ सांगते.

"याला पुरावा म्हणत नाहीत, मला कळतं," काका म्हणाले. "पण दगड घालणारा माणूस चारदा खिंड चढून परत जात नाही, भोसलेबाई. ती पानं असती तर त्याच्या नावापुढचा तो शब्द कुणीतरी खोडला असता. मी त्याचा एकुलता एक साक्षीदार फाडून टाकला, आणि वर सही केली. आणि आता दगडसुद्धा त्याच्या हातात दिलाय."

त्यांनी दफ्तराला अर्ज केला होता, आपल्या शेऱ्यावरून रेघ मारू द्यावी म्हणून. उत्तर आलं नव्हतं. मी म्हटलं, "दिग्दर्शकाला भेटू या." माझी ऑफिसची रजा उरलेली होती, ती तिथे लावली.

शूटिंग गुरुग्रामच्या पलीकडे एका बंद गोदामात होतं. मे महिना, बाहेर लूचे भाजणारे झोत. लोखंडी दार ढकलून आत गेलो आणि मी दारातच थबकले. समोर हिमालय होता. कागदाचा, फेसाचा, मिठाचा बर्फ. उंच लाकडी उतार करून त्यावर खिंड रचलेली. वरून निळसर उजेड सोडलेला. यंत्रातून सोडलेला धूर जमिनीवरून वाहत होता. सरोजिनीच्या कोटांतली माणसं त्यात उभी राहून लिंबूपाणी पीत होती. काका हळूहळू आत गेले आणि बर्फात उभे राहिले. नकाशातल्या त्या कोऱ्या जागेत ते पहिल्यांदाच पोचले होते, आणि त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं.

दिग्दर्शक भला माणूस होता. त्यानं काकांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, मैं समझ रहा हूँ. लेकिन कोई काग़ज़ है?"

"था," काका म्हणाले. "मैंने ही उसे बेकार लिखा था."

काका उठले. "आप एक काम कीजिए. मेरे साथ चलिए." त्याचा हात धरून त्यांनी त्याला लाकडी उताराशी नेलं आणि वरपर्यंत मोजत चालायला लावलं. एकाहत्तर. परत खाली. अठ्ठावन्न. दिग्दर्शक खाली उभा राहून उताराकडे बघत होता. काकांनी आणखी काही सांगितलं नाही.

"बहुत सुंदर है, सर," तो शेवटी म्हणाला. "पर आज क्लायमॅक्स है. सेट कल टूट जाएगा." त्याच्याही वर पैसे लावणारे कुणी होते. मला त्याचा राग आला, आणि राग धरवेनाही.

दिवे लागायला वेळ होता. आवाज टिपणाऱ्या माणसाला बर्फातल्या पावलांचा आवाज हवा होता. कागदाच्या बर्फावर तो येत नाही, म्हणून एका कोपऱ्यात जाड मीठ पसरलेलं होतं. त्यानं काकांना विचारलं, जरा चलेंगे? काका चालले. माईक त्यांच्या बुटांशी धरून तो माणूस मागे मागे. सवयीनं काका मोजत होते, तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं स्पष्ट. धूर गुडघ्यापर्यंत आला होता, निळ्या उजेडात त्यांचे पांढरे केस तेवढे दिसत होते. मला वाटलं, हे असेच चालत पलीकडे निघून जातील. शंभर झाल्यावर त्यांनी चिंचोका खिसा बदलून टाकला आणि परत आले.

मग सिनेमावाल्यांनी खुनाचा प्रसंग घेतला. सटवाजी झालेल्या माणसानं दगड उचलला तेव्हा काकांनी आपली खुर्ची उचलून भिंतीकडे वळवून ठेवली आणि पाठ करून बसले. कुणी हसलं नाही. निघताना त्यांनी ईशाला सांगितलं, "माझं नाव काढ. पाटीवर कुठेही नको. मी एकदा सही केली आहे, तेवढी पुरे." ईशा मान खाली घालून हो म्हणाली. परतीच्या टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते. यमुना ओलांडताना म्हणाले, "गाडीत काही मोजताच येत नाही."

त्यानंतर त्यांनी सिनेमाचा विषय काढला नाही. फेरी चारशे एकोणतीसवर गेली, मग चारशे चाळीसवर. पावसाळा गेला, दिवाळी गेली. काकू म्हणायच्या, झोपेत मोजतात.

जानेवारीतल्या एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते. धुकं पहिल्या दिवशीसारखंच. फाटकाशी ते समोरून आले. मफलर, टोपी, डाव्या खिशात हात. मी म्हटलं, "नमस्कार, काका." त्यांनी बोट वर केलं. मी थांबायला हवं होतं. मी रोज थांबायची. पण त्या दिवशी मंत्रालयात सकाळचीच बैठक होती, मेट्रो चुकली असती. मी वळून पाहिलं तेव्हा ते बोट अजून वर होतं, आणि मग तेही धुक्यात गेलं. बूट तेवढे ऐकू येत होते. मी निघून गेले.

तीन दिवसांनी, दुपारी, नकाशाखालच्या खुर्चीत ते गेले. काकू ओट्याशी होत्या. कळलंही नाही.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला ईशानं आम्हा दोघींना गुरुग्रामला बोलावलं. मला जायचं नव्हतं. तो दगड मला बघायचा नव्हता. काकू म्हणाल्या, "त्यांनी पाठ केली होती. आपणही करू." ईशा दारात भेटली, डोळे लाल. "नाव काढलंय काकू, काका म्हणाले तसं," एवढंच म्हणाली.

सिनेमा चांगला होता की वाईट, मला विचारू नका. मी शेवटाची वाट बघत होते. खिंड आली. वादळ आलं. साहेब कपारीत पडलेला, सटवाजी त्याच्या अंगावर घोंगडी ओढतो. मी काकूंचा हात धरला. सटवाजी उठला, कपारीबाहेर आला, आणि पडदा पांढरा झाला.

दगड नव्हता. काहीच नव्हतं. सगळा पडदा कोरा, आणि त्यात बर्फावरची पावलं. आणि मोजणारा आवाज.

"एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न."

त्या पांढऱ्यात एक माणूस चालत होता; चढत होता की उतरत होता ते दिसत नव्हतं. सटवाजी खुनी होता असं पडद्यानं म्हटलं नाही, नव्हता असंही म्हटलं नाही. दफ्तरातला तो शेरा तसाच आहे, अर्जाला अजून उत्तर नाही. पण इथं कुणीतरी रेघ मारली होती. सत्तावन्न आला, मी त्यांना पहिल्यांदा अडवलं होतं तोच आकडा. मी काकूंकडे वाकले, काहीतरी बोलणार होते.

काकूंनी पडद्यावरची नजर न काढता एक बोट वर केलं.

मी थांबले. या वेळी मला कुठेही जायचं नव्हतं. साठ झाले, सत्तर झाले. ऐंशीच्या पुढे आवाज जरा दमला, तरी पाऊल चुकलं नाही. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

"शंभर," काका म्हणाले. आणि अगदी बारीक, चिंचोक्यावर चिंचोका पडल्याचा आवाज आला.

काकूंनी बोट खाली घेतलं. "आता बोल," त्या म्हणाल्या.

मी हात जोडले आणि म्हटलं, "नमस्कार, काका."